आधी कसोटी, मग सामान: सातवीच्या वर्गाने बनवलेल्या झेल्याचं प्रकरण

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या शाळेच्या स्वयंपाकखोलीवरचं कौल फुटलं. आवारात रायवळ आंबा आहे. त्याला कैऱ्या धरल्या की मधल्या सुट्टीत दगड सुरू होतात, ही कोकणातल्या कुठल्याही शाळेतली गोष्ट. त्या दिवशी दगड फांदीला लागून घसरला आणि जिथे भात शिजत होता नेमका त्याच खोलीवर पडला. कोणाला लागलं नाही. पण पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दगड मारायला बंदी झाली, ती व्हायलाच हवी होती. कैऱ्या मात्र तशाच वर लोंबत राहिल्या आणि सातवीची 27 मुलं रोज त्यांच्याकडे बघत राहिली. मी त्यांना विज्ञान शिकवते, कार्यानुभवाचे तासही माझ्याकडेच आहेत. शिकवायला याहून चांगला प्रश्न मला वर्षभरात मिळाला नव्हता. घरात पडून असलेल्या सामानातून कैरी काढायचं साधन बनवायचं, असं काम मी वर्गाला दिलं. दोन आठवड्यांत सहा जोडतास लागले.

कार्यानुभवाच्या तासाला बहुतेक ठिकाणी काय चालतं ते आपण जाणतो. बाईंनी दाखवलेला एक नमुना आणि त्याच्या 27 सारख्या प्रती. हाताला वळण लागतं, ते वाईट नाही. पण मुलाला स्वतः काही ठरवावं लागत नाही. खरं तर ठरवायला लावणारं हातकाम ही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा आग्रह धरला. पुढे 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे गावाला लागणारं खरं काम करता करता मुलं शिकतात. 2020 च्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. जागा आहे, परवानगीही आहे. त्या वेळात मुलांपुढे प्रश्न कोणता ठेवायचा, इतकंच आपण ठरवायचं.

पहिला जोडतास: सामानाशिवाय

मुलांनी घरून पिशव्या भरभरून सामान आणलं होतं. तेलाचे डबे, बाटल्या, छत्रीच्या काड्या, कांद्याच्या जाळीच्या पिशव्या, जुनी साडी, सायकलची फाटकी ट्यूब, नाड्या, सुतळी, हँगर. मी ते सगळं कोपऱ्यात ठेवायला लावलं आणि त्या दिवशी कोणाला हात लावू दिला नाही. नाराजी झाली. पण माझा आधीचा अनुभव असा आहे की सामान समोर आलं की मूल सामानाकडे बघतं, प्रश्नाकडे बघत नाही. हातात बाटली असेल तर उत्तरही बाटलीच असतं.

त्याऐवजी आम्ही झाडाखाली गेलो. जवळून विजेची तार जात नाही, हे मी आदल्या दिवशीच बघून ठेवलं होतं. बांबू घेऊन काम करायचं तर ही पहिली खात्री. सगळ्यात खालची कैरी किती उंचीवर आहे? 1 मीटरच्या काठीची सावली आणि फांदीची सावली मोजून मुलांनी साडेतीन मीटरच्या आसपास आकडा काढला. मग एक बुटका मुलगा हात वर करून उभा राहिला. त्याचा हात पोचला पावणेदोन मीटरला. म्हणजे काठी दोन मीटरची पुरे, असं सगळ्यांनी लिहून टाकलं. काठी सरळ डोक्यावर धरली तरच हा हिशेब खरा, आणि तशी धरली तर वरचा कचरा डोळ्यात येतो, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. मीही बोलले नाही.

मग मी विचारलं, हे साधन वापरणार कोण? "आम्ही." अजून? थोडा वेळ शांतता. मग एक मुलगी म्हणाली, "मावशी. त्या आमटीत कैरी घालतात." मुलं स्वयंपाकखोलीत गेली आणि मावशींना विचारून आली. मावशींनी तीन गोष्टी सांगितल्या. त्यांचा उजवा खांदा दुखतो, जड काठी वर धरवत नाही. मान वर करून फार वेळ बघवत नाही. आणि कैरी आपटलेली नको, आपटली की ती जागा लगेच काळी पडते.

देठाचा मुद्दा मुलांचाच. चीक ओठाला लागला की काय होतं ते प्रत्येकाला माहीत होतं. देठ मुळातून तुटला की चिकाची चिळकांडी उडते, थोडा देठ राहिला तर उडत नाही. म्हणून फळ्यावर कसोट्या लिहिल्या गेल्या त्या अशा: कैरी जमिनीवर पडता कामा नये. बोटाच्या दोन पेरांएवढा देठ राहायला हवा. फांदी मोडता कामा नये. मावशींना उचलता यायला हवं. काही विकत आणायचं नाही. पातं वापरायचं नाही, ही शेवटची अट माझी. कापाकापीला कात्री लागली तर ती माझ्यासमोरच. दहा वेळा प्रयत्न करायचा, किती वेळा सगळ्या कसोट्या उतरल्या ते मोजायचं.

हा फळा पुढचे दोन आठवडे मी पुसू दिला नाही.

झेला माहीत असलेला मुलगा

वर्गाचे पाच गट केले. कैऱ्या-आंबे खाणाऱ्यांची नावं मुलांनीच निवडली: वानर, शेकरू, पोपट, वटवाघूळ, धनेश.

दुसऱ्या तासाला मी म्हटलं, करायचं काय ते आधी कागदावर काढा. पोपट गटातल्या एका मुलाने दोन मिनिटांत चित्र काढून दिलं. त्याचे वडील हापूसच्या बागेत काम करतात, घरी झेला, म्हणजे आंबे उतरवायचं साधन, आहे. लांब काठी, पुढे कडं, कड्याला जाळी, कड्याच्या तोंडाशी पातं. चित्र अचूक होतं. "झालं बाई," तो म्हणाला, आणि गटातले बाकीचे पाचजण निवांत बसले.

इथे मी खरोखर अडखळले. त्याला थांबवलं तर घरून आणलेलं ज्ञान वर्गात चालत नाही, असा अर्थ होतो, आणि ते मला कधीच नको असतं. चालू दिलं तर पोपट गटाला विचार करायला काहीच उरत नाही. मी त्याच्या शेजारी बसले आणि विचारलं, "कडं तिरकं का असतं रे? आणि जाळी एवढी खोल कशाला?" त्याने डोकं खाजवलं. "तसंच असतं." मग मी फळ्यावरच्या शेवटच्या अटीकडे बोट दाखवलं. पातं नाही. "पात्याशिवाय देठ कसा तुटेल, तेवढंच तू शोध. बाकी झेला तुला येतोच." त्याचा चेहरा बदलला. आतापर्यंत त्याला उत्तर माहीत होतं, आता त्याच्याकडे प्रश्न होता.

प्रयोगशाळेतला ताणकाटा मी त्याच गटाला दिला. खालच्या फांदीच्या कैऱ्यांना दोरा बांधून त्यांनी ओढून बघितलं. सरळ खाली ओढली की काटा बराच पुढे जाई, फांदी वाकत येई, आणि तुटल्यावर ती अशी उसळे की शेजारच्या दोन कैऱ्या गळून पडत. वर देठही मुळातून निघे. तोच देठ बोटावर आडवा वाकवून झटका दिला तर फार कमी जोरात तुटे, आणि वाकवला तिथेच तुटे. हे त्यांनी वहीत लिहिलं: "ओढू नये, वाकवावं. जिथे वाकवू तिथे तुटतं." संपूर्ण प्रकल्पातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य हेच.

बाकीच्या गटांची चित्रं बघताना एक गोष्ट खटकली. सगळ्यांनी बाटली सुरेख काढली होती, काठी सुरेख काढली होती, पण बाटली काठीला कशी जोडायची ते एकाही चित्रात नव्हतं. दोन वस्तू शेजारी ठेवल्या की त्या आपोआप चिकटतात, असंच जणू. मी काही दुरुस्त केलं नाही.

पहिली चाचणी

काठ्यांसाठी माणगा मिळाला. कोकणातला हा बांबू जवळजवळ भरीव, चिवट. गावातल्या एका घरी कुंपणाचा उरलेला होता. तिसऱ्या आणि चौथ्या तासाला बांधाबांध, आणि मग झाडाखाली.

वानर गटाने तेलाच्या पाच लिटरच्या डब्याचं तोंड कापून टोपली केली होती. बाहेरून सगळ्यात देखणं साधन. पण डबा त्यांनी माणग्याच्या जाड टोकाला बांधला होता, कारण जाड टोकाला बांधणं सोपं. उचलल्यावर टोक इतकं डोलायला लागलं की कैरी डब्याच्या तोंडाशी येईचना. दहापैकी एक.

शेकरू गटाने हँगरच्या तारेचा आकडा केला, खाली कांद्याची जाळी. तार देठाला अडके, ओढलं की तारच सरळ होई. वटवाघूळ गटाची बाटली पहिल्या झटक्यात सुतळीतून सुटून खाली आली. ज्या मुलीने ती बांधली होती तिला रडू आलं. माझा हात सुतळीकडे गेलाच होता. गाठ मारून देणं किती सोपं होतं. मी हात मागे घेतला आणि विचारलं, "कुठून सुटली ते दाखव." तिने दाखवलं. गाठ शाबूत होती, सुतळीचा वेढाच बांबूच्या गुळगुळीत सालीवरून घसरला होता. गाठ वाईट नव्हती, पकड वाईट होती, हे तिला स्वतःला दिसलं तेव्हा रडू थांबलं.

धनेश गटाच्या बाबतीत मात्र मी चूक केली. त्यांची काठी लांब होती, टोकाला जड डबा, आणि पेलवत नव्हती. मी घाईत सांगून टाकलं की डबा कापून लहान करा. त्यांनी केला, साधन सुधारलं, पण का सुधारलं ते शेवटपर्यंत गटातल्या कोणाला सांगता आलं नाही. तेच वानर गटाला मी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी बाकावरून काठी बाहेर काढून टोकाला कैरी लटकवली आणि टोक किती खाली जातं ते मोजलं. आधी 1 मीटर बाहेर, मग 2, मग 3. लांबी दुप्पट झाली की वाकही दुप्पट होणार, असा सगळ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात वाक दुपटीच्या कितीतरी पुढे गेला. काठी सगळीकडे सारखी जाड असेल तर लांबी दुप्पट केल्यावर त्याच वजनाने वाक आठपट होतो, कारण तो लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. माणगा टोकाला निमुळता, म्हणून आमचे आकडे नेमके आठपट आले नाहीत. पण घन ही कल्पना सातवीच्या मुलांना वहीतल्या चौकोनांपेक्षा त्या बाकावर जास्त कळली. काठी उलटी करायची, जाड टोक हातात, बारीक टोक वर, हे त्यानंतर त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

पाचही गटांची मिळून पहिल्या चाचणीत 50 पैकी 9 कैऱ्या सगळ्या कसोट्यांना उतरल्या.

माझ्या मूळ आखणीत काम इथेच संपत होतं. चार जोडतास, एक चाचणी, मग प्रदर्शन. त्या संध्याकाळी मी आखणी बदलली आणि आणखी दोन तास मागून घेतले. मुलांनी शिकण्यासारखं सगळं तेव्हाच समोर आलं होतं आणि मी ते आवरून ठेवायला निघाले होते. वेळ कमी असेल तर सुरुवातीचं सजवणं, रंगवणं सोडून द्यावं, पण दुसऱ्यांदा बनवायचा वेळ सोडू नये, असं मी आता प्रत्येक सहकाऱ्याला आवर्जून सांगते.

दुसऱ्यांदा

आता मुलं सामानाच्या ढिगाकडे गेली ती वेगळ्या नजरेने. आधी ती विचारत होती, याचं काय होईल? आता विचारत होती, घसरणार नाही असं काय आहे?

वटवाघूळ गटाला सायकलची ट्यूब सापडली. बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या, ताणून वेढे द्यायचे. ताणलेलं रबर परत आखडतं आणि सालीला घट्ट धरतं. मी त्यांना त्याच तासाला अरविंद गुप्ता यांची गोष्ट सांगितली. पुण्याच्या टेल्कोमधले (आताची टाटा मोटर्स) हे अभियंते 1978 साली मध्य प्रदेशात होशंगाबादच्या शालेय विज्ञान कार्यक्रमात गेले आणि काडेपेटीच्या काड्या नि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांपासून त्यांनी मुलांसाठी जोडायचे आकार केले. तिथेही सांधा धरून ठेवणारं रबरच. पट्टी कापणाऱ्या मुलीने मान वर न करता विचारलं, "मग त्यांची पण आधी सुटली असतील?" असतीलच, मी म्हटलं.

पोपट गटाने देठ वाकवायला काय वापरावं म्हणून बरंच काही करून बघितलं. दोन चमचे, कपड्यांचे चिमटे, छत्रीच्या काड्या. शेवटी कोणाच्या तरी दप्तरातून मोठ्या दातांचा कंगवा निघाला. देठ दोन दातांमध्ये शिरतो, काठी मनगटातून पाव फेरा फिरवली की देठ दातावर वाकतो आणि तटकन तुटतो. खाली कांद्याची जाळी. कंगवा तिरका बांधला तरच देठ आपोआप दातांत सरकतो, हेही त्यांना तिथेच कळलं. तो मुलगा माझ्याकडे धावत आला. "बाई, कडं तिरकं का असतं ते कळलं!"

शेकरू गटाने आकडा सोडला आणि वेगळ्याच बाजूने विचार केला. त्यांनी काम तीन तुकड्यांत मोडलं: तोडणं, झेलणं, खाली आणणं. तोडण्याचं सगळेच करत होते. खाली आणण्याचा विचार कोणी केलाच नव्हता. त्यांनी कापलेल्या बरणीच्या बुडाला जुन्या साडीची शिवलेली लांब नळी जोडली. कैरी बरणीत पडते, नळीतून घरंगळत हातापर्यंत येते. शिलाई एका मुलाच्या आजीने शिकवली, घातली त्याने स्वतः. देठ तोडायला बरणीच्या काठाला खाच कापली, पण ती कंगव्याइतकी नेमकी नव्हती.

दुसऱ्या चाचणीत पोपट गटाचे दहापैकी आठ, शेकरू गटाचे सहा, वटवाघूळ आणि वानर यांचे पाच-पाच, धनेशचे तीन. पोपट जिंकले, असं वर्गाने ठरवूनच टाकलं.

मग मावशी आल्या.

मावशींनी पोपट गटाचं साधन उचललं, एक कैरी काढली, अगदी सहज. आणि थांबल्या. कैरी जाळीत, जाळी तीन मीटर वर. ती काढायची तर सगळी काठी हातावर हात घेत खाली आणायची, आडवी करायची, जाळीत हात घालायचा, पुन्हा उभी करायची. आवारात तेवढी मोकळी जागाही नव्हती, काठीचं मागचं टोक भिंतीला आपटलं. तिसऱ्या कैरीला त्यांनी खांदा धरला आणि काठी पोपट गटाच्या हातात परत दिली. शेकरू गटाच्या साधनाने त्यांना देठ तोडायला जास्त वेळ लागला, दोनदा खाच चुकली. पण कैरी सुटली की सरसरत नळीतून त्यांच्या ओच्यात येई. काठी वरच्या वर. त्या हसल्या. "हेच द्या मला."

वर्गात गलका झाला. पोपट गटाचे गुण जास्त होते! एकाने फळ्याकडे बोट दाखवलं आणि सगळे वाचायला लागले. चौथी कसोटी, मावशींना उचलता यायला हवं. चाचणी घेताना आम्ही प्रत्येक वेळी एकच कैरी काढली होती, आणि काढली होती मुलांनी. मावशी कधीच एक कैरी काढत नाहीत, त्यांना आमटीपुरत्या पंधरा-वीस लागतात. आमची कसोटी बरोबर होती, मोजणी चुकली होती. हे मी सांगितलं नाही, पोपट गटातल्याच एका मुलीने सांगितलं. आणि पुढच्या अर्ध्या तासात पोपट आणि शेकरू या दोन गटांनी मिळून कंगवा बरणीच्या काठावर चढवला.

झेला वर्गात

शेवटच्या दिवशी त्या मुलाने घरचा झेला आणला. पहिल्या दिवशी आणला असता तर मुलांनी तो बघितला असता आणि बाजूला ठेवला असता. आता ती त्याच्याभोवती दाटीवाटीने बसली. पाती इंग्रजी व्हीसारखी का, तर देठ आपोआप मधल्या कोपऱ्यात सरकावा म्हणून. म्हणजे आपला कंगवाच! जाळी खोल का, तर आधी पडलेल्या आंब्यावर पुढचा आपटू नये म्हणून. काठी वर निमुळती का, हे वानर गटाने सगळ्यांना समजावलं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आंबा देठासह निघावा म्हणून नूतन झेला तयार केला, हे मी सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, "त्यांनी किती वेळा बनवून बघितला?" तयार वस्तूकडे बघून असा प्रश्न पडतो तेव्हा त्या मुलाला ती वस्तू कोणीतरी ठरवून, चुकून, सुधारून केलेली दिसायला लागलेली असते.

गुण द्यायचे कशावर, हा प्रश्न मला सहकाऱ्यांनी विचारला. मी साधनाला गुण दिले नाहीत. प्रत्येकाच्या वहीत पहिलं चित्र, दुसरं चित्र आणि दोन्हींत काय बदललं व का, एवढं मागितलं. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने मुलांकडून पिशवी, पवनचक्कीची प्रतिकृती, बाहुल्या असं करून घेताना चित्रांना महत्त्व दिलं होतं, त्याचं कारण मला या वह्या बघताना पटलं. पहिल्या चित्रांत एकही सांधा नव्हता. दुसऱ्या चित्रांत रबराचे वेढेसुद्धा मोजून काढलेले होते. वटवाघूळ गटातल्या त्या मुलीने तर सांधा वेगळा, मोठा करून काढला होता आणि बाजूला बाण देऊन लिहिलं होतं: "इथून सुटली होती."

धनेश गटाच्या वह्यांत "का" समोरची जागा रिकामी होती. एकाने लिहिलं होतं, "बाईंनी सांगितलं म्हणून."

ते साधन आता स्वयंपाकखोलीच्या दारामागे टांगलेलं असतं. पावसाळ्यात साडीची नळी कुजली, ती यंदा बदलावी लागली. कंगव्याचे तीन दात गेले आहेत. यंदाच्या सातवीला शेवग्याच्या शेंगा काढायच्या आहेत, कारण आकडीने ओढलं की शेंगेबरोबर फांदीच मोडून येते. त्यांनी सामान आणलं आहे, ते कोपऱ्यात आहे. सध्या चारजण वही घेऊन मावशींकडे गेले आहेत.